तांदळातलं नाव

"चाक म्हणजे रथ का?" सरांनी विचारलं.

"नाही, सर."

"आस म्हणजे रथ?"

"नाही."

"जू? दांडी?"

"तेही नाही."

"आणि हे सगळं सुटं करून अंगणात मांडलं, तर बाजूला उरतो तो रथ?"

"बाजूला काही उरतच नाही, सर."

"मग रथ आहे कुठं?"

बौद्ध भिक्षूंचा हा रथाचा दाखला सर दर वर्षी वर्गात देत आणि दर वर्षी पोरं गोंधळून एकमेकांकडे बघत. पण त्या दिवशी आम्ही वर्गात नव्हतो. मिरजेला सरांच्या घरी, बाहेरच्या खोलीत, पोह्यांच्या बश्या हातात घेऊन बसलो होतो. माझ्या लग्नाच्या याद्या चालल्या होत्या. एका बाजूला माझे आप्पा आणि आई, समोर प्राध्यापक हुपरीकर सर आणि काकू, आणि मधल्या खुर्चीत मुकुंद, त्यांचा मुलगा, माझा होणारा नवरा. मुकुंद साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता. या घरात 'मी आहे' याबद्दल शंका नसलेला मी एकटाच, असं तो म्हणायचा.

सरांकडे मी तत्त्वज्ञान शिकले. जयसिंगपूरहून रोज पॅसेंजरनं यायचे. सरांचा विषय एकच, आयुष्यभर: 'मी' म्हणजे कोण? इतर विषय ते नेमलेत म्हणून शिकवत, हा मात्र जीव ओतून. थोरामोठ्या तत्त्ववेत्त्यांची नावं ते फारशी घेत नसत. "आपले स्कॉटलंडवाले म्हणतात, मी आत डोकावून पाहिलं तर ऊन सापडलं, थंडी सापडली, राग-लोभ सापडले, पण बघणारा काही सापडला नाही," असं सांगायचे. "ते फ्रान्सचे गृहस्थ शेकोटीपाशी बसले आणि सगळ्यावर शंका घेत गेले," असं म्हणायचे. जणू ही मंडळी एखाद्या रविवारी मिरज स्टेशनवर उतरून चहाला येणार होती. त्या नादात मुकुंदशी ओळख झाली आणि पुढं जे व्हायचं ते झालं. दोन्ही घरं खुशीत होती. देण्याघेण्याचा प्रश्नच नव्हता. सगळं कसं सुरळीत चाललं होतं, आणि तेवढ्यात काकू बशीकडे बघत म्हणाल्या, "आणि एक. मुलीचं नाव बदलायचं आहे. मंजिरी."

झालं! मला ठसकाच लागला.

आमच्याकडे ही रीत. लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं, आणि त्या दिवसापासून वीस-बावीस वर्षं जिला एका नावानं हाक मारली, तिला सगळ्यांनी दुसऱ्या नावानं हाक मारायची. माझ्या आईचंही तसंच झालं होतं. मामाकडे गेली की ती सुमती, आमच्याकडे आली की रमा. मला लहानपणी वाटायचं, नृसिंहवाडीच्या एस.टी.त बसली की मधे कुठंतरी आई बदलते. तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं, माझं नाव कुणाला बदलू द्यायचं नाही. आणि मी तेव्हा भलतीच फटकळ होते. आजही आहे म्हणा.

"काकू, माझं वैजयंती नाव वाईट आहे का?" मी विचारलं.

"छे गं. चांगलं आहे की," काकू म्हणाल्या, आणि पुन्हा बशीकडे बघायला लागल्या. काकू मुलींच्या शाळेत गणित शिकवत. एरवी एका वाक्यात हिशेब चुकता करणारी बाई. तिला असं गुळमुळीत बोलताना पाहून मला वाटलं, हं, सासू झाल्या शेवटी. मागायचं आहे, पण वाईटपणा नको.

आणि सर धावले मदतीला. रथ घेऊन!

"तर रथ म्हणजे नुसती बोलायची सोय," सर म्हणाले. "वैजयंती हीसुद्धा सोयच. केस म्हणजे वैजयंती नव्हे, नखं म्हणजे नव्हे, विचार म्हणजे नव्हे. बरोबर? मग एक सोय जाऊन दुसरी आली, तर बिघडलं काय?"

"काहीच नाही बिघडलं, सर. पण मग सोय बदललीच नाही, तर तरी काय बिघडेल?"

मुकुंद हसला. आप्पांनी माझ्याकडे डोळे वटारले. सर मात्र सरसावून बसले. मी वाद घातला की त्यांना आनंदच व्हायचा.

"बरं, बौद्ध राहू देत. वेदान्त घे. आत्म्याला ना रूप, ना नाव. मग नावावर एवढा जीव कशाला?"

"ज्याला एकही नाव नाही, त्याला दोन-दोन कशाला, सर?"

"वैजू, पुरे," आई पुटपुटली.

"बोलू दे हो तिला. आपले इंग्रज डॉक्टरसाहेब काय म्हणतात? जिथवर आठवण पोचते तिथवर तू. नाव बदललं म्हणून तुझ्या आठवणी थोड्याच पुसल्या जाणार आहेत?"

"पण माझ्या सगळ्या आठवणींत लोक मला वैजयंतीच म्हणतात. उद्या मंजिरी म्हटलं की मी मागं वळून बघायची, कोण आलंय म्हणून."

सरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. मग एकदम घाईघाईनं म्हणाले, "अगं, पण चांगलं नाव आहे ते. हाक मारायला सोपं. घरात असं नाव कानावर पडलं की…"

त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं. मी मात्र थांबायला तयार नव्हते.

"सर, तुम्हीच आम्हाला शिकवलंत. एकच गोष्ट पटवायला माणूस तीन वेगवेगळे युक्तिवाद आणि तेही एकमेकांच्या विरोधातले आणायला लागला, की समजावं, त्याचं कारण चौथंच आहे. मग तुमचं खरं कारण काय आहे?"

सर माझ्याकडे बघत राहिले. मग उठले, "हात धुऊन येतो," म्हणाले आणि आत गेले ते आम्ही निघेपर्यंत बाहेर आले नाहीत. काकू म्हणाल्या, "नावाचं बघू नंतर." आप्पा गाडीत बसल्यापासून जयसिंगपूर येईपर्यंत माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. मला काही वाटलं नाही. खोटं कशाला सांगू, जिंकल्याचा आनंदच होता. माझं त्या दिवशी चुकलं असं मला आजही वाटत नाही. प्रश्न बरोबरच होता.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी काकू एकट्याच आमच्या दारात उभ्या. घामाघूम झालेल्या, हातात छत्री. आईची धांदल उडाली. "अहो विहीणबाई, कळवलं असतंत तर ह्यांना स्टेशनवर पाठवलं नसतं का?" काकूंनी पाणी घेतलं, पन्हं घेतलं आणि मग म्हणाल्या, "वैजयंतीशी जरा बोलायचं होतं. वर जाऊ का आम्ही?"

वर गच्चीवर आईनं कुरडया वाळत घातल्या होत्या. जिन्याच्या सावलीला आम्ही दोघी बसलो. मी कावळे हाकायची काठी हातात घेतली आणि मनात उत्तरांची जुळवाजुळव करून ठेवली.

"तुला वाटतंय, मंजिरी नाव मला हवंय," काकू म्हणाल्या.

"मग कुणाला हवंय?"

"ह्यांना."

"सरांना? सरांना कशाला हवंय? सर तर म्हणतात, नाव म्हणजे…"

"ते काय म्हणतात ते मी तुझ्यापेक्षा जास्त वर्षं ऐकतेय, बाई." काकू थोडं हसल्या. मग म्हणाल्या, "मुकुंदच्या आधी आम्हाला मुलगी होती. मुकुंदनं सांगितलंय ना तुला?"

"बेबी. लहानपणीच गेली, एवढंच म्हणाला."

"त्यालाही एवढंच माहीत. तो झाला तेव्हा ती नव्हतीच. घटसर्प झाला. सात वर्षांची होती. घरीदारी सगळे बेबी म्हणायचो आम्ही. हे मात्र पहिल्यापासून पूर्ण नावानं हाक मारायचे. घरात मंजिरी म्हणणारे हे एकटेच."

माझ्या हातातली काठी तशीच राहिली. कावळा येऊन कुरडई घेऊन गेला, तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"ती गेली त्या दिवसापासून ते नाव ह्यांच्या तोंडून आलेलं नाही," काकू सांगत होत्या. "मला बेबी म्हणता येतं. देवापुढं म्हणते, पोळ्या लाटताना म्हणते. कधी भांडतेसुद्धा तिच्याशी. ह्यांना येत नाही. आणि आता एवढ्या वर्षांनी, तुझं लग्न ठरल्यावर, एके दिवशी जेवता जेवता म्हणाले, सूनबाईचं नाव ते ठेवू या. 'ते' म्हणाले बघ. नाव नाही घेतलं. मला कळायचं ते कळलं. तुझ्या घरच्यांपुढं सांगायचं कामही माझ्यावरच टाकलं. मला नको म्हणवेना आणि हो म्हणताना घास उतरेना."

मला तेव्हा रडूच फुटलं. सर आत हात धुवायला गेले होते, ते डोळ्यांसमोर आलं. "काकू, मी घेते ते नाव," मी म्हटलं. "खरंच घेते. लिहू दे मुकुंदला तांदळात. मला आता काही वाटणार नाही."

"अजिबात नाही!" काकूंचा शाळेतला आवाज लागला. "तेच सांगायला आलेय मी उन्हातान्हात. असं बघ. ह्यांनी हाक मारली, मंजिरी, आणि आतून 'आले' म्हणून तू बाहेर आलीस. तू गुणाची आहेस, मला आवडतेस. पण प्रत्येक हाकेला बाहेर तूच येणार ना? ती नाही येणार. रोज, दर हाकेला, ती येणार नाही. आणि एक दिवस मला तुझाच राग यायला लागेल. मला तुझा राग करायचा नाही गं, वैजयंती."

मी डोळे पुसले. "मग मी काय करू?"

"त्या दिवशी तू त्यांना काहीतरी विचारलंस. खरं कारण काय म्हणून. त्यानंतर ते धड जेवलेले नाहीत, वाचायला घेतात आणि पान उलटत नाहीत. मी इतकी वर्षं विचारलं नाही. मला वाटायचं, विचारलं तर मोडून पडतील. आता वाटतं, न विचारूनच मोडलेत. तू विचार. तू विद्यार्थिनी आहेस. तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायची त्यांना सवय आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी मिरजेला गेले. मुकुंद कारखान्यात होता. सर व्हरांड्यात पेपर तपासत बसले होते. मला पाहून ओशाळले, चष्मा सारखा केला, म्हणाले, "ये, ये. त्या दिवशी मी जरा… बस."

"सर, एक शंका होती."

"विचार की."

वाटेत मी नाना प्रकारे घोळवून ठेवलं होतं. आयत्या वेळी सगळं विसरले. "सर, मंजिरी कशी होती?"

सरांच्या हातातली तांबडी पेन्सिल थांबली. त्यांनी आत, स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतला भांड्यांचा आवाजही थांबला होता.

"कशी होती म्हणजे," सर हळूहळू म्हणाले, "सावळी होती. वयाच्या मानानं उंच… पण ते शरीर झालं. अं… हट्टी होती. तो स्वभाव झाला. स्वभाव पुढं बदलतो." वर्गात एकेक उत्तर खोडत जावं तसं ते बोलत होते. "भाकरीचा नुसता पापुद्रा खायची, खालचा भाग माझ्या ताटात टाकायची. दात पडला तर तो तिनं कुंडीत पेरला, आणि रोज पाणी घालायची. आणि चालताना माझं बोट धरायची नाही. मनगट धरायची. बोट सुटतं म्हणायची."

ते बोलता बोलता थांबले. मला वाटलं, आता उठून जातील. गेले नाहीत.

"एकदा, झोपवत होतो तिला, तर म्हणाली, बाबा, मी झोपले की मी कुठं जाते? मी तेव्हा नवा नवा प्राध्यापक. चांगलं उत्तर द्यायचं होतं, सोपं करून. म्हटलं, उद्या सांगतो. मग कामात राहून गेलं. तिनं आठवण केली, मी पुन्हा उद्या म्हटलं. आणि मग ताप आला." सरांनी चष्मा काढून पेपरांवर ठेवला. "तेव्हापासून मी दुसरं काही शिकवलेलंच नाही, वैजयंती. वेदान्त झाला, बौद्ध झाले, स्कॉटलंड झालं, फ्रान्स झालं. सगळ्यांना विचारून आलो. पोरं गुण मिळवून पास होतात. मला उत्तर मिळत नाही."

मी खाली, त्यांच्या पायांशी बसले.

"रथ सुटा करून पाहिला मी," सर म्हणाले. "दात, पापुद्रा, मनगट. यातल्या कशातच ती नाही. दाखला अगदी बरोबर आहे. पण घरभर होती गं ती. आता नाही, तर घरभर नाही. मला वाटलं, निदान नाव तरी घरात असावं. हाक मारावी, आणि कुणीतरी ओ द्यावी. एवढंच कारण. याला युक्तिवाद नव्हता, म्हणून बाकीचे आणले."

"मनगट नव्हे," दारातून काकूंचा आवाज आला. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. "बाही धरायची ती तुमची. सगळ्या सदऱ्यांच्या डाव्या बाह्या मीच शिवत बसायची."

"मनगट," सर म्हणाले.

"बाही हो. मला माहितीय."

"आधी बाही धरायची. शाळेत जायला लागल्यावर मनगट."

"हे मला माहीत नव्हतं," काकू म्हणाल्या, आणि येऊन सरांच्या शेजारी बसल्या. त्या दोघांना तिथंच सोडून मी आत गेले आणि तिघांचा चहा टाकला. बाहेर दोघं कितीतरी वेळ बोलत होते. मधेच काकू हसल्या, मधेच सर. मी चहा उकळू दिला. पार कडू झाला, पण कुणी तक्रार केली नाही.

निघताना सर फाटकापर्यंत आले. "नावाचं तू मनावर घेऊ नकोस," म्हणाले.

"सर, माझं भांडण मी मागं घेतलंय. तांदळात काय लिहायचं ते तुम्ही सांगा. जे सांगाल ते माझं नाव." आणि मी हे मनापासून म्हटलं. आमच्या घराण्यात मी पहिलीच अशी, जी नाव राखायला भांडली आणि मग आपणहून हातावर ठेवून आली. मागून आलेल्या काकूंनी फाटकातूनच मला दटावलं, "पुन्हा तेच! ऐकायचं नाही असं ठरवलंयस का?" पण निर्णय सरांवर सोपवला तो सोपवला. लग्नापर्यंत त्यांनी तो कुणालाच सांगितला नाही. मंजिरी कोण, हे मीही मुकुंदला सांगितलं नाही; ते सरांनीच सांगायला हवं होतं.

वैशाखात लग्न लागलं. मिरजेच्या कार्यालयात नुसती गर्दी, घामाच्या धारा, पंखे गरम हवा फेकतायत. लक्ष्मीपूजनाला बसेपर्यंत माझे पाय सुजले होते. गुरुजींनी ताट पुढं ओढलं, तांदूळ सारखे केले, मुकुंदच्या हातात अंगठी दिली. मी सरांकडे पाहिलं. ते काकूंच्या शेजारी उभे होते, उपरणं घट्ट धरून. नाव जाईल याची धास्ती नव्हती. सर आता काय बोलतील आणि ते बोलून त्यांचं काय होईल, याचीच धास्ती होती.

"लिहा," गुरुजी म्हणाले. "मंजिरी ना? याद्यांच्या वेळी मला तसं कळवलं होतं."

मुकुंदनं अंगठी तांदळाला टेकवली.

"थांब," सर म्हणाले. "वैजयंती लिही."

"अहो, पण ते माहेरचं झालं," गुरुजी म्हणाले. "बदलायचं नाही का? मंजिरी चांगलं नाव आहे की."

"चांगलंच आहे." सरांचा आवाज वर्गात लागायचा तसा मोठा लागला. "मंजिरी आमच्या थोरल्या मुलीचं नाव आहे. मंजिरी. ही धाकटी. हिचं वैजयंती."

मुकुंदनं चमकून आईकडे पाहिलं. काकूंनी नुसती मान हलवली आणि त्याला सगळं समजलं. त्याचे डोळे भरून आले. मागं बसलेल्या जुन्या नातेवाइकांतही कुजबुज थांबली. गुरुजी बिचारे नवखे, त्यांना काय कल्पना! ते आपले हसून म्हणाले, "अस्सं होय! मग थोरल्या कुठं दिसल्या नाहीत त्या? लग्नाला आल्या नाहीत का?"

सरांचे ओठ नुसते हलत होते.

"आलीय की," काकू म्हणाल्या आणि भर कार्यालयात, सगळ्यांदेखत, त्यांनी सरांचं मनगट धरलं. "लिही रे मुकुंद. पोरगी ताटकळलीय."

मुकुंदनं डोळे पुसले, आणि तांदळात माझं नाव लिहिलं.